दशांश लिटरलचा प्रश्न : व्यवहारातील अंकगणित आणि प्रोग्रॅमिंग भाषांची भूमिका

प्रस्तावना

मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात १०१ रुपये ५० पैसे करपात्र मूल्याची वस्तू विकली जाते, असे समजू. वस्तू व सेवा कराचा दर १८ टक्के असेल, तर राज्यांतर्गत विक्रीवर त्याचे दोन समान भाग पडतात. ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा. १०१.५० चे ९ टक्के म्हणजे ९.१३५. पैशापर्यंत पूर्णांकन करावयाचे झाल्यास शाळेतील विद्यार्थीही ९.१४ हे उत्तर देईल. मुंबई विद्यापीठाच्या संगणकशास्त्र पदवीच्या अभ्यासक्रमात स्थान मिळालेल्या पायथन या भाषेत मात्र हाच गुणाकार १०१.५० आणि ०.०९ या संख्या सरळ लिहून केला आणि दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करण्याची आज्ञा दिली, तर उत्तर ९.१३ येते. पूर्णांकनापूर्वीचे उत्तर छापून पाहावे, तर पडद्यावर ९.१३५ हेच दिसते. म्हणजे डोळ्यांना दिसणारी संख्या एक आणि यंत्राने धरलेली संख्या दुसरी, असा हा प्रकार आहे.

प्रोग्रॅमच्या मजकुरात थेट लिहिलेल्या मूल्यास संगणकाच्या परिभाषेत 'लिटरल' म्हणतात. वरील उदाहरणातील ०.०९ हे असे लिटरल होय. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ 'शंभरातील नऊ' एवढाच असतो. परंतु तो अर्थ मान्य करावयाचा की नाही, याचा निर्णय लिहिणारा करीत नाही. तो भाषेच्या रचनाकारांनी आधीच केलेला असतो. प्रोग्रॅमिंग भाषेत दशांश संख्येसाठी स्वतंत्र लिटरल असावे काय, या प्रश्नाकडे सामान्यतः लेखनसोयीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाची चिकित्सा करताना ही समजूत अपुरी आहे आणि पायथनसारख्या भाषेने घेतलेली भूमिका पुनर्विचारास पात्र आहे, असे प्रतिपादन केले आहे.

आण्यांचे गणित आणि पैशांचे गणित

दोष नेमका कोठे आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जाणे उपयुक्त ठरेल. संगणकातील प्रचलित फ्लोटिंग पॉइंट पद्धती द्विमान पायावर उभी आहे. ज्या अपूर्णांकाचा छेद दोनचा घात असतो, तोच अपूर्णांक या पद्धतीत तंतोतंत मांडता येतो. अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश हे सर्व तीत बिनचूक बसतात. दशांश, शतांश मात्र बसत नाहीत, कारण त्यांच्या छेदात पाच हा अवयव आहे. ०.०९ लिहिले असता यंत्र त्याच्या सर्वांत जवळची द्विमान संख्या घेते. ती ०.०८९९९९९९९९९९९९९९९६६७ च्या आसपास, म्हणजे किंचित कमी असते. गुणाकारानंतर हाती आलेली संख्याही ९.१३५ पेक्षा अत्यल्प प्रमाणात कमी भरते आणि पूर्णांकनाच्या काठावर असल्यामुळे खाली घसरते.

आता मराठी माणसाच्या जुन्या हिशेबाकडे पाहावे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. पाठ करावयाची कोष्टके म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पावशेर, अर्धा शेर, छटाक ही मापेही त्याच घडणीची. ही सारी व्यवस्था अर्ध्याचे अर्धे करीत जाण्यावर आधारलेली होती. एक आणा म्हणजे रुपयाचा ०.०६२५ भाग आणि जुना पैसा म्हणजे चौसष्टावा भाग. हे दोन्ही द्विमान पद्धतीत काडीचाही फरक न पडता मांडता येतात. आण्याचा बारावा भाग असणारी पै तेवढी अपवाद, कारण तिच्या मुळाशी तीन हा अंक आहे. पै वगळता जुन्या पेढीवरील रोजमेळ आजच्या फ्लोटिंग पॉइंट अंकगणितात एका पैशाचीही चूक न होता उतरला असता.

१९५५ च्या नाणेविषयक दुरुस्ती कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान चलन सुरू झाले आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याच सुमारास मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीच्या संगणकाची उभारणी चालू होती. १९६० साली कार्यान्वित झालेले आणि पुढे टिफ्रॅक या नावाने ओळखले गेलेले ते यंत्र ४० द्विमान अंकांच्या शब्दावर चालत असे. देशाचा व्यवहार द्विमानास अनुकूल अपूर्णांकांकडून दशमानाकडे सरकत असता देशातील गणनयंत्र द्विमानाचा अवलंब करीत होते, हा योगायोग लक्षणीय आहे. तो दोष म्हणून सांगण्याचे कारण नाही. टिफ्रॅक हे वैज्ञानिक गणनेसाठी होते आणि त्या कामास द्विमान पद्धतीच योग्य होती. दुकानाचा ताळेबंद हे त्याचे काम नव्हते.

नव्या पैशाच्या व्यवस्थेत रुपयाचे शून्य ते नव्व्याण्णव असे शंभर पैसे-भाग घेतले, तर द्विमान पद्धतीत तंतोतंत बसणारे फक्त चार उरतात : शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर. चार आणे, आठ आणे आणि बारा आणे या नावांनी वृद्ध माणसे ज्यांना अजूनही ओळखतात, ते हेच. उर्वरित शहाण्णव भाग सरळ लिहिले की अंदाजाने धरले जातात. (पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले; यंत्राला जे बिनचूक कळत होते, त्यातलेच एक नाणे बाजारातून गेले.)

व्यवहारी भाषांची परंपरा

व्यापारी गणनेसाठी निर्माण झालेल्या भाषांना हा प्रश्न ठाऊक होता. १९६० च्या सुमारास आकारास आलेल्या कोबोलमध्ये संख्येचे वर्णनच दशमान स्थानांनी केले जाते. पूर्णांकाची किती स्थाने, दशांशाची किती स्थाने आणि मध्ये गृहीत दशांश चिन्ह, असा तो घाट आहे. तीत ०.०९ लिहिले म्हणजे ०.०९ च. पूर्णांकनाचे कलम जोडले की नेमके मध्यावर असलेले मूल्य शून्यापासून दूर, म्हणजे शाळेत शिकवतात तसे वर जाते. १९५९ साली जाहीर झालेले आयबीएम १४०१ हे यंत्रही दशमान अंकांवर चालणारे होते. अंधेरी येथे १९७३ साली स्थापन झालेल्या सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्रात, म्हणजे सीप्झमध्ये, पुढे सॉफ्टवेअर निर्यातीचा जो उद्योग वाढला, त्याचा मोठा भाग परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या अशाच प्रोग्रॅमांच्या देखभालीचा होता. इसवी सन २००० च्या तारखांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा उपनगरांतील हजारो तरुणांनी कोबोल शिकून घेतली. तिची शब्दबंबाळ रचना हा थट्टेचा विषय होता. थट्टा करणाऱ्यांना तिच्यातील अंकगणिताची शिस्त फारशी दिसली नाही.

त्याहून अधिक दुर्लक्षित राहिलेली परंपरा छोट्या हिशेबी प्रोग्रॅमांची आहे. १९९० च्या दशकात खासगी प्रशिक्षण वर्गांतून व्हिज्युअल बेसिक आणि फॉक्सप्रो शिकून अनेकांनी दुकाने, दवाखाने, गृहनिर्माण संस्था यांच्यासाठी बिलांचे प्रोग्रॅम लिहिले. विद्वत्सभेत या भाषांना कधी प्रतिष्ठा मिळाली नाही. परंतु व्हिज्युअल बेसिकमध्ये चार दशांश स्थळांपर्यंत अचूक असणारा 'करन्सी' हा संख्याप्रकार होता आणि संख्येपुढे '@' हे चिन्ह लिहिले की ते लिटरल त्या प्रकारचे होत असे. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये संख्येच्या आधी डॉलरचे चिन्ह लिहून तेच साधत असे. एका चिन्हाच्या खर्चात १०१.५० आणि ०.०९ यांचा गुणाकार ९.१३५ असा नेमका मिळे. या प्रकारांना मर्यादा होत्या. चार स्थळांपलीकडचा भाग हरवत असे आणि दरांवर दर लावत गेले की ते उघडे पडत. तथापि पैसा ही भाषेच्या व्याकरणात जागा देण्याजोगी वस्तू आहे, ही जाणीव त्यांत होती. ज्या भाषा अधिक शुद्ध, अधिक सुघड म्हणून त्यांच्या जागी आल्या, त्यांपैकी बहुतेकींनी ही जागा काढून घेतली.

सी शार्प याला अपवाद आहे. २००२ साली प्रसृत झालेल्या या भाषेत १२८ द्विमान अंकांत साठवला जाणारा दशांश प्रकार मूळ भाषेचाच भाग आहे आणि संख्येच्या शेवटी 'एम' हे अक्षर लावून त्याचे लिटरल लिहिता येते. अक्षर न लावता लिहिलेली अपूर्णांकी संख्या दशांश चलात ठेवू गेल्यास भाषांतरक प्रोग्रॅम स्वीकारीतच नाही. चूक चालू दिवशी, चालू बिलावर न कळता प्रोग्रॅम लिहिताना कळते, हे या रचनेचे खरे मोल होय. ग्रूव्ही ही भाषा आणखी पुढे गेली. तीत साध्या लेखनातील अपूर्णांकी संख्या मुळातच दशांश मानली जाते आणि द्विमान हवी असेल त्याने अक्षर जोडावयाचे असते.

पायथनची भूमिका : चिकित्सा

पायथनमध्ये दशांश अंकगणिताचा अभाव आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. फाकुंदो बातिस्ता यांनी २००३ साली मांडलेल्या प्रस्तावानुसार २००४ च्या २.४ या आवृत्तीत 'डेसिमल' हा प्रकार ग्रंथालयात समाविष्ट झाला. माइक काउलिशॉ यांच्या दशांश अंकगणिताच्या विनिर्देशावर तो आधारलेला असून गुणवत्तेने उत्तम आहे. आक्षेप त्याच्या स्थानाविषयी आहे. ०.०९ ही संख्या दशांश म्हणून हवी असेल, तर प्रथम तो प्रकार आयात करावा, मग त्याचे नाव लिहावे, कंस उघडावा आणि संख्या अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून लिहावी. मजकुराचे रूपांतर मग संख्येत होते. द्विमान संख्येला घराचा दरवाजा उघडा आणि दशांश संख्येला ओसरीवर बसवून नाव-गाव विचारणे, असा हा व्यवहार आहे.

अवतरणचिन्हे विसरली तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. मूळ २.४ आवृत्तीत फ्लोट संख्या थेट डेसिमलमध्ये घालण्यास मनाई होती. कार्यक्रम तेथेच थांबत असे. पुढे २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांत ती मनाई उठली. आता अवतरणचिन्हे न देता ०.०९ घातल्यास डेसिमल प्रकार त्या द्विमान अंदाजाची पन्नासहून अधिक अंकांची शेपटी प्रामाणिकपणे जतन करतो. गणिताच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र अचूकतेसाठी आणलेले साधन चुकीचीच अचूक नक्कल करू लागते. असा प्रसंग घडल्यास अडवणारा सापळा ३.३ पासून उपलब्ध आहे, पण तो मुद्दाम लावावा लागतो. आणि ज्याला तो लावण्याचे भान आहे, त्याला त्याची गरज क्वचितच पडते. लिटरल उपलब्ध असते, तर हा सारा आडमार्ग उद्भवलाच नसता, कारण लिहिलेली संख्या आणि साठवलेली संख्या यांच्या मध्ये फ्लोट येण्याचे ठिकाणच उरले नसते.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. पायथनमध्ये देवनागरी अंकांचीही नेमकी हीच अवस्था आहे. अवतरणचिन्हांत '०.०९' असे देवनागरी अंकांत लिहून डेसिमलला दिले, तर तो ते विनातक्रार स्वीकारतो. अधिकृत दस्तऐवजात देवनागरी अंकांचा उल्लेखही आहे. चलांची नावे देवनागरीत ठेवण्यास ३.० पासून मोकळीक आहे. पण अवतरणचिन्हांविना देवनागरी संख्या प्रोग्रॅममध्ये लिहिली की ती व्याकरणाची चूक ठरते. शाळेच्या पाटीवरचा अंक आणि शाळेच्या पाटीवरचा दशांश, दोघांनाही भाषेत प्रवेश आहे तो उद्धृत मजकूर म्हणूनच.

दशांश लिटरलच्या विरोधात दिले जाणारे युक्तिवाद दुर्लक्षणीय नाहीत. पहिला गतीचा. आरंभीचा डेसिमल प्रकार पायथनमध्येच लिहिलेला असल्याने मंद होता. २०१२ च्या ३.३ आवृत्तीत त्याची सी भाषेतील रचना आली आणि हा आक्षेप बराच बोथट झाला. दुसरा युक्तिवाद अधिक सूक्ष्म आहे. डेसिमलची गणिते एका 'संदर्भा'नुसार चालतात. किती अंकांपर्यंत अचूकता ठेवावी, पूर्णांकन कसे करावे, हे तो संदर्भ ठरवतो. मूळ मर्यादा २८ अंकांची असून ती कार्यक्रम चालू असताना बदलता येते. लिटरल मात्र कार्यक्रम चालू होण्यापूर्वीच वाचले जाते. मग लांबलचक लिटरलवर कोणती मर्यादा लागू करावी? ऋण लिटरलमधील वजाचिन्ह हा संख्येचा भाग मानावा की स्वतंत्र क्रिया? क्रिया मानल्यास तिच्यावर संदर्भ लागू होतो आणि धन व ऋण संख्यांना वेगळा न्याय मिळू शकतो. ही अडचण खरी आहे. परंतु तिचे उत्तरही उपलब्ध आहे. २००८ साली सुधारलेल्या आयईईई ७५४ या मानकाने ठरावीक लांबीचे दशांश प्रकार निश्चित केले असून त्यांपैकी १२८ अंकी प्रकारात ३४ दशमान अंक मावतात. सी भाषेच्या २०२३ च्या मानकाने अशा प्रकारांना आणि त्यांच्या लिटरलना ऐच्छिक स्वरूपात स्थान दिले. जी भाषा यंत्राच्या सर्वांत निकट मानली जाते, तिला जे जमले, ते पायथनला अशक्य आहे असे म्हणणे कठीण आहे.

तिसरा युक्तिवाद पूर्णांक पैशांचा आहे. रक्कम पैशांत, म्हणजे १०१.५० ऐवजी १०१५० अशी ठेवावी आणि दशांशाची भानगडच टाळावी, असा सल्ला अनुभवी प्रोग्रॅमर देतात. केवळ बेरीज-वजाबाकीपुरता तो उत्तम आहे. पण दर आला की तो अपुरा पडतो. १०१५० चे नऊ टक्के ९१३.५ पैसे होतात आणि अर्ध्या पैशाचा प्रश्न पुन्हा दारात येतो. उपनगरांतील रिक्षाचे भाडे ऑक्टोबर २०२२ मध्ये किलोमीटरला १५ रुपये ३३ पैसे झाले, तेव्हा दीड किलोमीटरचे मूळ भाडे २२.९९५ होत होते आणि प्रवासी २३ रुपये देत होता. म्युच्युअल फंडाचे एकक तीन दशांश स्थळांपर्यंत मोजले जाते. पैसा हे व्यवहारातील नाण्याचे शेवटचे माप असले, तरी गणिताचे नाही.

लिटरलची मर्यादा

लिटरल मिळाले म्हणजे हिशेब कायद्याबरहुकूम होईल, अशी अपेक्षा मात्र भाबडी ठरेल. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत पूर्णांकित करावयाची असते. पन्नास पैसे वा अधिक असल्यास वरचा रुपया धरावयाचा. १२५० रुपयांचे ९ टक्के म्हणजे ११२.५०. कायद्याने हे ११३ होतात. पायथनची पूर्णांकनाची मूळ आज्ञा फ्लोटवर चालवा किंवा डेसिमलवर, उत्तर ११२ येते, कारण ती मध्यावरचे मूल्य सम अंकाकडे वळवते. सांख्यिकीत या नियमाचे समर्थन आहे, कारण हजारो मूल्यांच्या बेरजेत तो एका बाजूला झुकत नाही. पण करदात्याला सांख्यिकीचा नव्हे, कलमाचा नियम पाळावयाचा असतो. डेसिमलमध्ये पूर्णांकनाचा नियम बदलता येतो, हे खरे; तो बदलावा लागतो, हेही तितकेच खरे.

कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८२ च्या जानेवारीत १००० वर सुरू झालेला तो निर्देशांक नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४.८११ वर आला होता. प्रत्येक व्यवहारानंतर तिसऱ्या दशांश स्थळापुढील भाग पूर्णांकन न करता छाटला जात होता. दुरुस्तीनंतर तो १०९८.८९२ निघाला. त्या यंत्रणेत दशांश लिटरल असते, तरी ही घसरण थांबली नसती. विद्यार्थ्यांपुढे सहसा १९९१ च्या पॅट्रियट क्षेपणास्त्राच्या अपयशाचे उदाहरण ठेवले जाते. तेथे एक दशांश सेकंदाचे द्विमान रूप अपुरे होते आणि २८ सैनिक मृत्यू पावले. उदाहरण भेदक आहे; परंतु त्यामुळे हा प्रश्न युद्धभूमीचा वाटतो, दुकानाच्या पावतीचा वाटत नाही.

पावतीवरील दोन पैशांनी कोणाचे नुकसान होत नाही, हा प्रतिवाद अपेक्षित आहे. विक्रेत्याच्या बिलावर ९.१३ आणि खरेदीदाराच्या वहीत ९.१४ असा फरक पडला की मात्र दोन्ही नोंदी जुळत नाहीत, आणि जुळवणी करणाऱ्या माणसाला तो फरक कोठून आला हे पडद्यावर दिसत नाही, कारण पडद्यावर दोन्हीकडे ९.१३५ च असते. अशा वेळी तो आपल्याच नोंदीत चूक शोधत बसतो. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय भुगतान निगमाच्या २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत दुकानाच्या क्यूआर चिन्हात रक्कम घालावयाची असल्यास ती दशांश अंकांचा मजकूर म्हणूनच लिहिली जाते. देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाताना संख्या दशांशच असते. द्विमान होण्याचा धोका तिला संभवतो तो दोन्ही टोकांच्या प्रोग्रॅमांत, आणि तोही बहुधा जेथे कोणीतरी कराचा दर सरळ, अवतरणचिन्हांविना लिहिलेला असतो तेथे.

जावास्क्रिप्टचा अनुभव या बाबतीत आशादायक नाही. तिच्या चौथ्या आवृत्तीच्या आराखड्यात दशांश प्रकार होता. २००८ साली तो आराखडाच सोडून देण्यात आला. २०२० साली मोठ्या पूर्णांकांसाठी स्वतंत्र प्रकार आला आणि त्याला शेवटी 'एन' अक्षर जोडलेले लिटरलही मिळाले. दशांशाच्या अलीकडील प्रस्तावात मात्र प्रकार आधी आणावा आणि लिटरल बाजूला ठेवावे, अशी मांडणी पुढे आली. अतिविशाल पूर्णांक लिहिण्याची वेळ बिल करणाऱ्या प्रोग्रॅमवर क्वचितच येते, आणि शतांश लिहिण्याची वेळ प्रत्येक ओळीत. पायथनमध्ये साध्या लेखनाचा अर्थ बदलणे आता शक्य नाही. तसे केल्यास वैज्ञानिक गणनेचे आजवरचे सारे लेखन मोडेल. एका अक्षराच्या प्रत्ययाची जागा मात्र तिच्या व्याकरणात मोकळी आहे. काल्पनिक संख्येसाठी 'जे' हे अक्षर ती आरंभीच्या काळापासून देत आली आहे, आणि वजा एकच्या वर्गमुळाला जे मिळाले, ते नऊ पैशांना नाकारण्याचे गणिती कारण तिच्या रचनाकारांनी अद्याप पटण्यासारखे दिलेले नाही.